कॉलेजच्या पहिल्या महिन्यात एकच सवय लावायची तर कोणती? (ठाणे–नवी मुंबईकरांनो, तपशील द्या, प्रवचन नको)

पारसिक_पायथा
आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत यंदा बारावी झालेली पंधरा-वीस मुलं-मुली आहेत. निम्मी ठाण्यात जाणार, बाकीची ऐरोली, वाशी, नेरुळ, खारघरला. त्यांच्यासाठी एक पाठपोट पान छापायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलं मोबाईलमुळे बिघडतात हे आपलं सोयीचं उत्तर आहे. शाळेत आणि क्लासमध्ये त्यांचा हिशेब दुसरं कोणी तरी ठेवत होतं. हजेरी कमी झाली की घरी फोन यायचा. कॉलेजातही हिशेब ठेवतात, पण तो दाखवतात सत्र संपताना, आणि तोपर्यंत गाडी ठाकुर्ली ओलांडून गेलेली असते.

तर प्रश्न असा: पहिल्या महिन्यात एकच सवय लावायला सांगायची तर कोणती? आकडे, पायऱ्या, कुठे चुकतं ते लिहा. "मेहनत करा" लिहिणाऱ्याला पान वाटायला बोलावण्यात येईल.

तलावपाळीचं_बदक
रुमाल टाकून ठेवतो. शेंगदाणे आणले आहेत.

हजेरीपट
चांगला धागा. माझ्याकडून हजेरीचं गणित घ्या, कारण सक्तीची 75 टक्के हजेरी म्हणजे नेमके किती तास हे पहिल्या वर्षाच्या मुलांना खरंच माहीत नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणात लेखी विषयाचा 1 क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास. म्हणजे 4 क्रेडिटच्या विषयाला 60 तास, त्यातले 15 बुडले तरी चालतं. 2 क्रेडिटच्या विषयाला 30 तास. त्याचे 75 टक्के साडेबावीस, म्हणजे 23 तास बसायलाच हवं आणि फक्त 7 बुडवता येतात. आठवड्याला दोन तास धरले तर साडेतीन आठवडे. गणपतीत गावी दहा दिवस, एक ताप, दोन मुसळधार पाऊस, की संपलं.

मुलं मेजर (मुख्य) विषयाची काळजी घेतात आणि ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), एईसी (भाषा-क्षमता), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) असल्या अक्षरांच्या विषयांना "ते होतं रे" म्हणून सोडतात. पण यातले बरेच विषय 2 क्रेडिटचेच असतात. तिथे चूक करायला जागा कमी, आणि एटीकेटी (नापास विषय मागे ठेवून पुढे जाणं) लागली तर गुणपत्रिकेवर ती तेवढीच ठळक दिसते.

दुसरी गोष्ट, भरून काढायचं गणित. 60 पैकी पहिल्या 30 तासांत 12 बुडवले, तर उरलेल्या 30 पैकी 27 भरावे लागतात. अर्ध्या सत्रात 12 ची चैन, उरलेल्या अर्ध्यात फक्त 3. 20 पैकी 10 वर असाल तर पुढचे सलग 20 भरल्यावर 40 पैकी 30 होतात. एकही न चुकता.

सवय: वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार दोन रकाने, झालेले आणि बसलेले. रोज चार रेघा. ॲप नको, ॲप दुसऱ्या आठवड्यात उघडायचं राहतं, वही उघडावीच लागते. आणि आजारपणाचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात ऑफिसात देऊन पोच घ्या. सत्राच्या शेवटी सहा सर्टिफिकेटं एकदम आणणाऱ्याकडे सगळे एकाच नजरेने बघतात.

नेरुळ_नाका
सर, गणित मान्य. पण पाठीमागच्या बाकावर बसून रील बघत मिळवलेले 75 टक्के काय कामाचे? त्यापेक्षा वाचनालयात तीन तास बसलेला बरा.

हजेरीपट
वाचनालयात बसणारा तुम्हाला भेटला तर कळवा, सत्कार करू. तास बुडवणारे वाचनालयात नसतात, कॅन्टीनमध्ये असतात, आणि तिथला चहाही तुम्ही म्हणता तेवढा वाईट नाही.

तलावपाळीचं_बदक
हसून हसून पुरेवाट.

ट्रान्सहार्बरी
पानाच्या मागच्या बाजूला हे टाका, पहिल्याच आठवड्यात लागेल.

1) ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाड्या 9, 10 आणि 10अ वरून सुटतात. तुर्भेनंतर मार्ग फुटतो: एक फाटा सानपाडा–वाशी, दुसरा जुईनगर–नेरुळ आणि पुढे पनवेल. नवी मुलं गाडी दिसली की चढतात. इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचा. नेरुळ-खारघरला जायचंय आणि वाशी गाडीत बसलात तर तुर्भेला उतरा, मागची पनवेल किंवा नेरुळ गाडी घ्या. तुर्भे चुकलं तर सानपाड्याला उतरून हार्बरची पनवेल गाडी. वाशीपर्यंत जाऊन घाबरायचं कारण नाही.

2) पास. विद्यार्थ्यांना निम्म्या दरात मिळतो, कॉलेजच्या सवलत फॉर्मवर. त्रैमासिक पास मासिकाच्या 2.7 पट, म्हणजे तिप्पट नाही. बचत थोडी, पण तीनदा फॉर्म आणि तीनदा रांग वाचते ती मोठी. फॉर्मवर घराजवळचं आणि कॉलेजजवळचं स्टेशन, नाव ओळखपत्रावर आहे तसंच.

3) "व्हाया" बघा. कळवा ते नेरुळ पास व्हाया ठाणे असेल तर कुर्ल्यावरून हार्बरने फिरून यायचं नाही. टीसीने पकडल्यावर "पण पास आहे ना" हे उत्तर चालत नाही.

4) ओळखपत्राशिवाय पास म्हणजे कागद.

5) खारघरच्या आतल्या सेक्टरांत किंवा पेंधरकडे कॉलेज असेल तर बेलापूरला उतरून मेट्रोही आहे, नोव्हेंबर 2023 पासून, 11 स्थानकं. शेअर रिक्षाच्या भांडणापेक्षा बरी.

6) प्रवेश परीक्षा बऱ्याचदा रविवारी असतात आणि मेगाब्लॉकही रविवारीच. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचं वेळापत्रक बघणं ही सवयच लावा.

कोपरीचा_कप
ट्रान्सहार्बरीराव, दिघा गावचा थांबा विसरलात. जानेवारी 2024 पासून आहे. त्यामुळे "ठाण्यानंतर पहिलं स्टेशन ऐरोली" असं मोजत झोपणारे आता एक स्टेशन आधी उतरतात.

वहीचा_कोपरा
मराठी माध्यमातून इंग्रजी वर्गात गेलेल्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लांब लिहिते.

ह्या मुलांना विषय येतो, शब्द येत नाहीत. पहिल्या तीन आठवड्यांत ती "मला झेपत नाही" या निष्कर्षावर पोचतात आणि तास बुडवायला लागतात. हजेरीपट सरांची निम्मी गिऱ्हाइकं इथून येतात. ज्याला घसारा म्हणजे काय हे बारावीत कळलंय त्याला डिप्रिसिएशन कळलेलंच आहे. समतोल म्हणजे इक्विलिब्रियम, देयता म्हणजे लायबिलिटी. अर्थ तोच, पाटी बदलली.

काय करायचं: शंभर पानी लहान वही, तीन रकाने. डावीकडे वर्गात ऐकलेला शब्द, मध्ये मराठी प्रतिशब्द, उजवीकडे त्या विषयातलं एक वाक्य. तिसरा रकाना गाळला तर ती वही शब्दकोश होते आणि कोणी उघडत नाही. वर्गात स्पेलिंग कळलं नाही तर देवनागरीत लिहा, घरी दुरुस्त करा. रोज आठ-दहा शब्द. मराठी प्रतिशब्दासाठी भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, संकल्पना समजायला मराठी विश्वकोश आहे, दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. साधारण सहा आठवड्यांत तेच तेच शब्द फिरून यायला लागतात आणि वही भरण्याचा वेग आपोआप मंदावतो. मंदावला की समजा वर्ग कळायला लागला.

कला-वाणिज्यच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. आपल्या विषयाला चालतं का हे कॉलेजच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात विचारा आणि परीक्षा फॉर्म भरताना माध्यमाचा रकाना डोळे उघडे ठेवून भरा. अर्ध्या सत्रात मन बदललं की पुस्तकंही बदलावी लागतात.

आता टिपणं. तास संपल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं: वही बंद, आठवतं ते कोऱ्या कागदावर पाच ओळी, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने. हे चोवीस तासांच्या आत. चार दिवसांनी हेच करायला बसलात तर नुसतं वाचन होतं, आठवणं होत नाही.

नेरुळ_नाका
ताई, हाताने लिहायचा आग्रह 2010 चा आहे. पीडीएफ येते, स्लाइड येतात, फळ्याचा फोटो निघतो.

वहीचा_कोपरा
फोटो काढा, माझी हरकत नाही. पण पेपर हाताने लिहायचा आहे. दोन तासांचा 60 गुणांचा पेपर धरा. वाचायला आणि तपासायला पंधरा मिनिटं काढली तर 15 गुणांच्या प्रश्नाला 26 मिनिटं येतात. घड्याळ लावून 26 मिनिटं सलग लिहून बघा. सहा महिने फक्त बोटाने सरकवलेल्या हाताला अठराव्या मिनिटाला कळ लागते आणि अक्षर ढासळतं. म्हणून आठवड्याला एक उत्तर वेळ लावून, बस.

आणि पावसात जेल पेन नको. साध्या बॉलपेनचं लिखाण थेंब पडला तरी वाचता येतं.

नेरुळ_नाका
26 मिनिटं लावून बघतो. हरलो तर इथे येऊन सांगतो.

डबा_घ्या_डबा
पोरांचं पोट कोणाच्या यादीतच नाही! सकाळी सातच्या तासाला निघालेलं पोर अकराला वडापाव खातं, दोनला घरी येऊन जेवतं, चारला झोपतं, मग रात्री बाराला टक्क जागं.

डब्याबद्दल एवढंच लिहा. पोळ्या गरम असताना झाकण लावलं की आत वाफेचं पाणी सुटतं आणि जूनच्या दमटात दुपारपर्यंत चिकट होतात. ताटात पाच मिनिटं पसरून गार करा, मग डबा बंद. भात शक्यतो नको, सकाळी भरलेला भात दुपारपर्यंत उबेत राहतो आणि पोट बिघडवतो. रस्सा नको, लोकलमध्ये बॅग आडवी होते. कोरडी उसळ, बटाट्याची भाजी, थालीपीठ, भाजणीचा वडा. आणि बॅगेच्या कप्प्यात मूठभर शेंगदाणे-गूळ कायम. अकराचा वडापाव तोच वाचवतो.

तलावपाळीचं_बदक
मावशी, माझे शेंगदाणे कॅटेगरीत बसतात का?

डबा_घ्या_डबा
खारे असतील तर नाही.

सेतू_खिडकी
आता कागदपत्रं. इथे पैसे अडकतात म्हणून नीट वाचा.

महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) शिष्यवृत्ती भरताना सगळ्यात जास्त घोळ बँक खात्यात होतो. "माझं खातं आधारला लिंक आहे" आणि "आधारला थेट लाभासाठी खातं जोडलंय" (म्हणजे सीडिंग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे एनपीसीआयच्या (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था) नोंदीत जे खातं आहे तिथे जातात, आणि ते बहुधा शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं असतं. अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघा. बँकेचं नाव चुकीचं असेल किंवा "इनॅक्टिव्ह" दिसत असेल तर चालू खात्याच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या, काही दिवसांनी पुन्हा तपासा, मगच अर्ज.

दुसरं: नाव. आधार, बारावीची गुणपत्रिका आणि बँक, तिन्हीकडे एकच हवं. वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही एवढ्यावरही अडतं.

तिसरं: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, गरजेप्रमाणे नॉन क्रिमी लेयर, हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. प्रवेशाच्या हंगामात गर्दी होते, निकालाची वाट न बघता काढा. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं. घर सोडून राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची पात्रता बघावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना त्याच 8 लाखांच्या मर्यादेत शुल्कमाफी आहे, 2024-25 पासून.

चौथं: ऑनलाइन भरला म्हणजे झालं नाही. अर्ज कॉलेजच्या पातळीवर तपासला जातो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. कागद परत पाठवलेला असतो आणि विद्यार्थ्याला पत्ताच नसतो.

शिवाय प्रवेश बदलणाऱ्यांसाठी: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमाप्रमाणे कॉलेजला मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. फी परत मिळायचे टप्पे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवरून मोजतात. 15 किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर 100 टक्के (प्रक्रिया शुल्क वजा), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90, तारखेनंतर 15 दिवसांत 80, 30 दिवसांत 50, पुढे शून्य. एखाद्या वर्षी यूजीसी वेगळं परिपत्रकही काढते, ते बघून घ्या. अर्ज लेखी, पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं रद्द होत नाही.

कोपरीचा_कप
ठाण्याच्या तहसीलदार कचेरीत दाखल्याला जाणाऱ्यांनी पोट रिकामं ठेवून जावं. मामलेदारची मिसळ हे त्या कामाचं एकमेव व्याज आहे.

ट्रान्सहार्बरी
मीडियम सांगा. तिखट खाऊन पुन्हा रांगेत उभं राहणं वेगळं कौशल्य आहे.

डबा_घ्या_डबा
आत्ताच पोटाबद्दल लिहिलं होतं ना मी?

शून्य_शिल्लक
पैशांवर दोन मुद्दे, दुसरा जास्त महत्त्वाचा.

पहिला: दोन खाती. मोठ्या खात्याला यूपीआय जोडूच नका. छोट्या खात्यात दर सोमवारी आठवड्याची रक्कम टाका. संपली की संपली. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट चालतं, त्यात जास्तीत जास्त 5000 ठेवता येतात आणि एका वेळी 1000 पर्यंत पिनशिवाय जातात. पण पिन नाही म्हणून खर्चाची जाणीवही नाही, तेव्हा त्यात 500 च ठेवा.

दुसरा: "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला अमुक हजार" असं विचारणारा सीनिअर, मित्राचा मित्र किंवा टेलिग्रामवरचा कोणी हमखास भेटतो. ते पैसे फसवणुकीचे असतात. खातं गोठतं, पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते, आणि "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करत पोरगं वर्षभर फिरतं. पासबुक, कार्ड, सिम, ओटीपी, काहीही भाड्याने द्यायचं नाही. स्वतःची फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात, दुसऱ्या दिवशी ते पाच खाती पुढे गेलेले असतात.

घणसोलीची_गच्ची
पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहणाऱ्यांसाठी: करार वाचताना भाड्याआधी "लॉक-इन", म्हणजे खोली सोडता न येण्याची मुदत, शोधा. सहा महिन्यांचा लॉक-इन आणि चौथ्या महिन्यात खोली सोडली की डिपॉझिट जातं, आणि ते तुम्हीच सही करून दिलेलं असतं. पहिल्या दिवशी भिंती, नळ, गादी आणि वीज मीटरचं रीडिंग यांचे फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. डिपॉझिट रोख देऊ नका. फ्लॅट भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ही 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे प्रेमाने सांगितलं की नोंदणी होते.

संपादक_मंडळ
कॉलेजांची आणि पीजीची नावं घेऊन तक्रारी नकोत. दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा छान चाललाय, त्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करू नका.

रात्रपाळी
मूळ प्रश्नावर: एकच सवय असेल तर उठायची वेळ. झोपायची नव्हे, उठायची. अठरा वर्षांच्या शरीराला 7 ते 9 तास लागतात. सहाला उठायचं तर साडेदहा-अकराला दिवा बंद. रविवारी अकरापर्यंत झोपलात तर रात्री दीडपर्यंत झोप येत नाही आणि सोमवारचा पहिला तास जातो. हजेरीपट सरांच्या रकान्यात सोमवारच सगळ्यात रिकामा असणार, पैज लावतो. सुट्टीच्या दिवशी तासभरापेक्षा जास्त उशीर नको. कॉफी संध्याकाळी सहाला प्यायली तर अकराला तिचा निम्मा अंमल शिल्लक असतो. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत आणि गजर साध्या घड्याळावर. वन बीएचकेत दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, चालेल.

हजेरीपट
पैज हरलो असतो. सोमवार पहिला तास आणि शनिवार शेवटचा.

वहीचा_कोपरा
पानावर हे नंबर मोठ्या अक्षरात टाका: रॅगिंगसाठी 1800-180-5522, मन खचत असेल तर टेली-मानस 14416, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. लोकलमध्ये अडचण असेल तर 139. फोनमध्ये आजच साठवा, कारण वेळ येते तेव्हा शोधायचं सुचत नाही.

घरी जागा नसेल तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 पासूनचं. ऐरोलीत सेक्टर 15 मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातही ग्रंथालय आहे.

पारसिक_पायथा
मंडळी, दंडवत. पानाचा मसुदा असा. पुढच्या बाजूला एकच सवय: ज्या दिवशी तास, त्याच दिवशी दहा मिनिटं, वही बंद करून पाच ओळी. खाली हजेरीच्या रेघा, कारण वही उघडलेलीच असते. रात्रपाळींची उठायची वेळ थोडक्यात हुकली. सातच्या तासाच्या मुलांना ती कॉलेजच लावून देतं, दुपारच्या बॅचसाठी मागे टाकतो. बाकी मागच्या बाजूला: पास, सीडिंग, खातं भाड्याने नको, नंबर. डबा चौकटीत.

रात्रपाळी
निषेध. आणि दुपारच्या बॅचच्या पानावर माझी सवय पुढे घ्या.

पारसिक_पायथा
घेतली. दोन प्रकारची पानं छापतो.

नेरुळ_नाका
26 मिनिटं लावली होती. एकोणिसाव्या मिनिटाला पेन खाली ठेवलं. ताई, पीडीएफवाल्यांच्या वतीने माघार.

ट्रान्सहार्बरी
मागच्या बाजूला पास छापताय तर "व्हाया" अधोरेखित करा. आणि दिघा गावही घाला, नाहीतर कोपरीचा कप परत येईल.

कोपरीचा_कप
आलोच होतो.